काटा, मलम आणि मधले तास



डोळ्यांच्या आजारांची जोखीम सांगताना वय, मधुमेह, तंबाखू, चुलीचा धूर, ऊन ही यादी आपल्याला तोंडपाठ असते. ऊस तोडताना पाचट बुबुळावर घासलं किंवा भात झोडताना कुसळ डोळ्यात गेलं, त्यानंतर पहिलं योग्य औषध पडेपर्यंत किती तास गेले, ही नोंद मात्र त्या यादीत नसते. बुबुळाच्या जखमेपुरतं बोलायचं तर माझ्या मते सगळ्यात मोठी जोखीम याच तासांत आहे.

मोतीबिंदू सोडून हे काय काढलंत, असं कोणी विचारेल. 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं सुमारे 66 टक्के कारण मोतीबिंदूच होतं, हे खरंच. पण त्याच सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्यांमध्ये पहिल्या क्रमांकावर खुपरीखेरीज इतर कारणांनी पडलेलं फूल होतं, सुमारे साडेसदतीस टक्के. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी बहुतेकदा शस्त्रक्रियेने परत मिळते. दाट फूल पडलं की नेत्रदात्याच्या बुबुळाची वाट पाहायची, आणि तीही कमावत्या वयात. मदुराई जिल्ह्यात 1990 च्या दशकात बुबुळावरच्या व्रणाचं प्रमाण वर्षाला लाखामागे 113 निघालं. अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या एका परगण्यापेक्षा ते दहापट होतं. मदुराईच्या रुग्णांमध्ये जवळपास दोनतृतीयांश जणांच्या डोळ्याला आधी इजा झालेली होती, आणि चाचण्यांत बुरशी मोठ्या प्रमाणात सापडली.

आता तासांचा पुरावा. नेपाळमधल्या भक्तपूरला गावच्या स्वयंसेवकांनी बुबुळ खरचटलेल्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचं एक टक्का मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावलं. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: 18 तासांच्या आत उपचार सुरू झालेल्या 284 जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही, 18 ते 24 तासांत आलेल्या 109 पैकी चौघांना झाला, आणि 24 ते 48 तासांत आलेल्या 49 पैकी 14 जणांना. मलम तेच, लावणारी माणसंही तीच. ही उतरण पाहून डोळे विस्फारतात.

पण विस्फारलेल्या डोळ्यांनी शास्त्र होत नाही. भक्तपूरला तुलनेसाठी मलमाविना ठेवलेला गट नव्हता, आणि उशिरा येणाऱ्यांची जखम मुळातच वेगळी असू शकते. पुढे नेपाळमध्येच, गावं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागून, जंतूंवरचं आणि बुरशीवरचं अशी दोन्ही मलमं देऊन मोठी चाचणी झाली. 2022 मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षात गावपातळीवर व्रणांचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही. मग माझा मुद्दा निकालात निघाला का? मला तसं वाटत नाही. भक्तपूरचे हे आकडे स्वयंसेवकापर्यंत पोचलेल्यांचे आहेत. चाचणीने न पोचलेल्यांसकट सगळं गाव मोजलं. दोन्ही एकत्र वाचले तर मलमाची ट्यूब गावात ठेवली म्हणजे तास वाचले असं होत नाही, एवढं कळतं. जखमी माणूस त्या ट्यूबपर्यंत लवकर कसा येईल, हा प्रश्न शिल्लक राहतो.

तो येत नाही याला आपण अडाणीपणा म्हणून मोकळे होतो. डोळ्यात मध किंवा आईचं दूध घालतात, हे आपल्या ओपीडीतलं ठरलेलं वाक्य. पण सुगीत एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी, आणि तालुक्याला जायचं तर भाडं वेगळं. अशा वेळी हाताशी असेल तेच डोळ्यात जाणार. शिवाय गल्लीतल्या मेडिकलमधून चिठ्ठीविना मिळणारे स्टेरॉइडचे थेंब लाली घालवतात आणि आत बुरशीला रान मोकळं करून देतात. त्या थेंबांचा दोष मजुराच्या माथी कसा मारायचा? संरक्षक चष्म्याचा सल्ला चांगला आहे. तो देणाऱ्याने मात्र दुपारच्या घामात एकदा ऊस तोडून पाहावा.

पुढची परिषद भरेपर्यंत एवढंच करू. प्रत्येक केसपेपरवर एक रकाना वाढवू: इजा कधी झाली, पहिलं औषध कधी पडलं, कोणतं आणि कोणी दिलं. सरकारी असो की खाजगी, प्रत्येकाने तो भरावा, आणि पुढच्या वर्षी आपल्याच राज्याचे आकडे या व्यासपीठावर मांडावेत.