हवेच्या दाबाचा ताजवा आणि दुष्काळाची पूर्वतयारी
(दुष्काळ-निवारण समितीच्या पुणें येथील सभेंत झालेलें भाषण)



दुष्काळ-निवारणासाठीं भरलेल्या सभेंत हवेच्या दाबाची चर्चा कशाला, असा प्रश्न आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत आला असेल. परंतु आपल्या देशांत पावसाचा अंदाज बांधण्याची विद्या दुष्काळाच्याच पोटीं वाढीस लागली. आणि तिचें एक मुख्य ठाणें आपल्याच शहरांत आहे. ही विद्या काय सांगूं शकते व काय सांगूं शकत नाहीं, हें दात्यांनीं जाणून घेणें अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.

हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें. पुढच्याच वर्षीं दक्षिणेंत पाऊस फसला व १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळास आरंभ झाला. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांच्या खटपटीनें १८७० त निघालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्या वेळीं दुष्काळी मुलुखांत माणसें धाडून तेथील हकीकती गोळा केल्या व त्या सरकारापुढें मांडल्या. त्याच आपत्तीमुळें पावसाचें आगाऊ अनुमान करण्याची कामगिरी खात्याचे मुख्य हेन्री ब्लॅनफर्ड यांजवर आली. हिमालयावर बर्फ फार पडलें तर पुढील पाऊस उणा होतो, असें त्यांस आढळलें. व त्या आधारें १८८६ त पहिला रीतसर अंदाज निघाला.

पुढें १९०४ त गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती खात्याचे प्रमुख झाले. जगभरच्या वेधशाळांचे आंकडे त्यांनीं वर्षानुवर्षें पडताळले, तेव्हां एक विलक्षण गोष्ट दिसून आली. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब चढला कीं हिंदी महासागराच्या बाजूस तो उतरतो. इकडे चढला कीं तिकडे उतरतो. आपण व्यापारी मंडळी ताजव्याची भाषा जाणतां; हा पृथ्वीएवढा ताजवा समजावा. एक पारडें ताहिती बेटाकडे, दुसरें ऑस्ट्रेलियाच्या डार्विन बंदराकडे. डार्विनकडील दाब नेहमींपेक्षां चढला, म्हणजे आपल्याकडील मोसमी पावसाचा जोर बहुधा ओसरतो. यास दक्षिणी दोलन म्हणतात. पेरूच्या किनाऱ्याजवळचें समुद्राचें पाणी कांहीं वर्षीं तापतें, त्यास एल् निनो म्हणतात. तें तापणें व हा दाबाचा हेलकावा हीं एकाच घडामोडीचीं अंगें आहेत, हें याकोब ब्यर्कनेस यांनीं १९६९ त दाखविलें. १८७७, १९७२, २००२ आणि २०१५ हीं सर्व सालें एल् निनोचींच होतीं.

खात्याची मुख्य कचेरी १९२८ त शिमल्याहून पुण्यास आली. १९४४ त ती दिल्लीस गेली, तरी शिवाजीनगरच्या त्या जागेस लोक अद्याप शिमला ऑफिसच म्हणतात. आणि दीर्घ मुदतीच्या अंदाजाचें काम येथें आजही चालतें. डॉक्टर वसंत गोवारीकर व त्यांचे सहकारी यांनीं बर्फ, तपमान, वारे, दाब इत्यादि सोळा घटकांवरून अंदाज करण्याची जी पद्धति बसविली, ती १९८८ पासून वापरांत आली. त्यानंतर २००१ पर्यंत देशव्यापी अवर्षण असें आलें नाहीं. १९९७ त तर एल् निनो अत्यंत प्रबळ असूनही देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. उलट २००२ त अंदाज सरासरीइतक्या पावसाचा होता, आणि जुलै महिन्यांत पाऊस जेमतेम निम्मा पडला. हंगामाअखेर सुमारें १९ टक्के तूट राहिली. पुढच्याच वर्षीं खात्यानें आपली पद्धति बदलली.

हें आम्ही वेधशाळेस दूषण देण्यासाठीं सांगत नाहीं. वकिलीच्या भाषेंत बोलावयाचें तर अंदाज हा पुरावा आहे. निकाल आभाळाच्या हातीं आहे. शिवाय हंगामाचा अंदाज बहुधा देशाच्या किंवा मोठ्या विभागाच्या सरासरीचा असतो. आपल्याच जिल्ह्याकडे पाहा. लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पुणें शहरीं सातशेंच्या आसपास, आणि इंदापूर-बारामतीकडे पांचशेंच्या आसपास. सह्याद्रीच्या आडोशास असलेल्या त्या गांवांना दोन पाऊस चुकले तरी हंगाम जातो. दहा दुकानांच्या नफ्याची सरासरी चांगली निघाली, म्हणून त्यांतील एकाचें दिवाळें टळत नाहीं.

तात्पर्य, ज्याचा निकाल आश्विनांत लागतो त्याची तयारी चैत्रांत झाली पाहिजे. पहिला अंदाज एप्रिलांत प्रसिद्ध होतो. त्या सुमारास रब्बी ज्वारीचा कडबा बाजारांत असतो. पाऊस लांबला कीं श्रावणांत त्याच कडब्यास सोन्याचें मोल येतें. तोंपर्यंत शेतकऱ्यानें दावणीचा बैल मातीमोलानें विकलेला असतो, आणि पुढच्या वर्षीं पाऊस भरपूर झाला तरी पेरणीस त्याच्या हातीं कांहीं उरत नाहीं. लोक उपाशी पडल्याचें वर्तमान आल्यावर निघणारी वर्गणी पोट भरते. घर सांवरण्याची वेळ मात्र तोंवर टळून गेलेली असते.

पाऊस चांगला झाला तर आमचा पैसा वायां जाईल, अशी शंका कांहीं सद्गृहस्थांनीं आम्हांपाशीं बोलून दाखविली. आपण गोदामाचा विमा उतरवितां. आग लागली नाहीं म्हणून हप्त्याबद्दल हळहळत नाहीं. नीट रचलेली कडब्याची गंज दुसऱ्या वर्षासही उपयोगी पडते, आणि शिल्लक रोकड निधींत राहते.

म्हणून समितीची विनंति अशी कीं, व्यापारी बंधूंनीं आपली वर्गणी ज्येष्ठापूर्वीं द्यावी. जमीनदारांनीं गंजीसाठीं जागा व पाणी टिकणाऱ्या विहिरी छावणीस मोकळ्या ठेवण्याचें वचन आजच नोंदवावें. आणि ज्यांस धन देणें शक्य नाहीं त्यांनीं गांवोगांवच्या पावसाच्या नोंदी समितीकडे धाडाव्या. दाबाचा ताजवा कोणत्या बाजूस झुकेल, हें आपल्या हातीं नाहीं. तो झुकण्यापूर्वीं कडब्याची गंज उभी असावी, एवढें आपल्या हातीं आहे. आणि तेवढेंच आम्ही आपणांपाशीं मागत आहों.