गाणें कोणासाठीं ?



गाण्याच्या निरनिराळ्या प्रकारांची तोंडओळख करून द्यावी, अशी मला आज्ञा झाली आहे. मी गवई नव्हें. शाळेंत मराठी व गणित शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहें. गळा माझ्याकडे नाहीं, कान आहेत. पण त्या कानांच्या भरंवशावर मीं एकदां मोठी चूक केली. तीच आधीं सांगतों.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी नवा शिक्षक होतों आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी चालल्या होत्या. एका मुलीनें नाटकांतलें पद म्हटलें, दुसरीनें अभंग म्हटला. दोघींना मीं शाबासकी दिली. मग सातवींतला एक मुलगा पुढें आला आणि बाकावर बोटांनीं ठेका धरून त्यानें लावणी सुरू केली. पहिली ओळ पुरी होण्याच्या आंत मीं त्याला थांबविलें. "असलीं गाणीं शाळेंत म्हणावयाचीं नसतात," एवढेंच मी बोललों. मुलगा मुकाट्यानें खालीं बसला. त्याची आजी तमाशाच्या फडांत गात असे, हें मला मागाहून कळलें. तो मुलगा पुन्हां शाळेंत कधीं गायला नाहीं. मीं एक गाणें थांबविलें अशी माझी समजूत होती; वास्तविक मीं त्याच्या घरालाच नापास केलें होतें.

चूक कोठें झाली ? सर्व गाण्यांना मीं एकच प्रश्नपत्रिका दिली होती. गणिताचा पेपर शुद्धलेखनाच्या नियमांनीं तपासणारा परीक्षक जसा हास्यास्पद, तसाच तो श्रोता. म्हणून आज मी दोनच प्रश्न आपणांपुढें ठेवितों. गाणें कोणासमोर आणि कोणत्या कामासाठीं गाइलें जातें, हा पहिला. त्यांत शब्द धनी आहे कीं सूर, हा दुसरा. हे दोन प्रश्न हातीं घेऊन आपल्याच मुलुखांत एक फेरी मारूं.

प्रथम जात्यावरची ओवी घ्या. येथें समोर श्रोताच नाहीं. बाई पहांटे दळावयास बसली कीं जात्याची घरघर हीच तिची साथ आणि हाताची फेरी हाच तिचा ताल. चाल चार-पांच सुरांतच फिरते म्हणून तिला दरिद्री म्हणूं नये. दळण सरेपर्यंत श्वास पुरला पाहिजे, ही तिची गरज आहे. सासरीं कोणापाशीं बोलतां येत नसे तें बाई जात्यापाशीं बोलली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांचे सहकारी गी प्वातव्हां यांच्या प्रयत्नांनीं खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. गांवोगांव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातीं थांबलीं. जात्यांबरोबर ओवीही थांबत गेली. काम सरलें कीं गाणें सरतें, हें येथें स्पष्ट दिसतें.

आतां आषाढी वारीच्या दिवसांत रस्त्यावर उभे राहा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी भवानी पेठेंत आणि तुकोबारायांची नाना पेठेंत उतरते. त्या दिंड्यांतलें भजन हें चालणाऱ्या पायांचें गाणें. एकेकाचा आवाज फाटका असला तरी चालतो; टाळ आणि मृदंग मात्र चुकतां कामा नयेत, कारण शेंकडों पावलें त्यांच्यावर पडत असतात. नारदीय कीर्तनाची गोष्ट निराळी. तेथें पूर्वरंगांत निरूपण, उत्तररंगांत आख्यान. गाणें हें कथेचें चाकर. साकी, दिंडी, आर्या, ओवी यांपैकीं प्रसंगाला जें शोभेल तें बुवा उचलतात. तान लांबली तर कथा ताटकळते.

पोवाडाही कथाच सांगतो, पण उघड्या मैदानांत. इ. स. १६५९ मधील अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासानें रचिलेला पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांत फार जुना मानितात. शाहीर वरच्या पट्टींत ओरडतो, असें पुष्कळांचें म्हणणें असतें. ध्वनिक्षेपक नसतांना शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक अक्षर पोंचवावयाचें, मग तो कुजबुजणार कसा ? झिलकरी मागून "जी जी" म्हणतात, तेंही उगीच नव्हे. तेवढ्या अवधींत शाहीर दम घेतो आणि ऐकलेली ओळ लोकांच्या मनांत उतरते. येथें शब्द धनी आहे.

ख्यालांत हा हिशेब नेमका उलटतो. बंदिशीचे दोन भाग, अस्थायी आणि अंतरा. दोन्ही मिळून चार ओळी. तेवढ्यावर गवई पाऊण तास गातो. "तेंच तेंच काय म्हणतात ?" हा प्रश्न माझ्या घरींही निघाला आहे. उत्तर असें कीं, शब्द ही येथें केवळ खुंटी. तिच्यावर टांगलेलें वस्त्र म्हणजे राग. एकेका सुराची जागा दाखवीत गवई दूरवर जातो आणि दर वेळीं नव्या वाटेनें समेवर परत येतो. नवख्या श्रोत्यानें एवढेंच करावें : विलंबित एकताल असेल तर त्याच्या बारा मात्रा बोटांवर मोजाव्या आणि सम केव्हां येते याची वाट पाहावी. चार आवर्तनांत ती वाट पाहण्याची गोडी लागते.

ख्यालाच्याही तऱ्हा आहेत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं महाराष्ट्रांत रुजविलेल्या ग्वाल्हेर गायकींत बंदिशीची ठसठशीत मांडणी आणि लयीशीं बांधलेल्या ताना यांना मान. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखां यांनीं १९१३ सालीं पुण्यांत आर्य संगीत विद्यालय काढलें. त्यांची गायकी सुराला हळुवार कुरवाळीत सावकाश उलगडते. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व. त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यांत संगीतोत्सव भरूं लागला आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी यांनीं तो वाढविला. पुढें भीमसेनांनींच संतवाणी गाऊन ख्यालाचा सूर अभंगाच्या पायीं वाहिला. एकाच गळ्याला दोन प्रकारांचें माप ठाऊक असूं शकतें, तें असें.

या दोन टोकांच्या मध्यें आपलें नाट्यसंगीत उभें आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'संगीत शाकुंतल' पुण्यांत प्रथम रंगभूमीवर आलें. त्यांतल्या पदांत कीर्तनांतल्या साक्या-दिंड्या मुबलक होत्या. १९१६ सालच्या 'स्वयंवर' नाटकाला भास्करबुवा बखल्यांनीं चाली दिल्या आणि ख्यालाच्या बंदिशी बालगंधर्वांच्या मुखानें घरोघर गेल्या. पात्राचा भाव आणि रागाचें रूप, दोघांनाही थोड्या वेळांत न्याय द्यावयाचा, ही या प्रकाराची कसोटी.

मग तबकडी आली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला सुमारें तीनच मिनिटें मावत. या सांच्यांत भावगीत चांगलें वाढलें : एक कविता, एक भाव, आणि घरांत एकटाच बसलेला श्रोता. त्याच्याशीं ओरडून बोलावयाचें कारण उरलें नाहीं. १९५५ च्या एप्रिलांत पुणें आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचें 'गीतरामायण' सुरू झालें. वर्षभरांत त्याचीं ५६ गीतें झालीं. त्याला भावगीत म्हणावें कीं कीर्तन ? आख्यान कीर्तनाचें, चाली रागांच्या आणि बोलणें भावगीताचें. प्रकारांच्या भिंतींना अशीं दारें असतात.

आतां त्या मुलाच्या लावणीकडे येतों. कांहीं वर्षांनीं एका मित्राच्या आग्रहानें मी बैठकीच्या लावणीला गेलों. गाणारी बाई बसूनच गात होती. एकच ओळ तिनें पांच-सहा वेळां घेतली; एकदां रुसून, एकदां विनवून, एकदां नुसत्या भिवईनें. ठुमरींत हेंच केलें कीं आपण त्याला भाव सांगणें म्हणतों आणि वाहवा करतों. लावणींत केलें कीं नाक मुरडतों! ढोलकीचा ठेका धरावयास गेलों तर दोनदां माझा हात चुकला. जो ठेका मला साधेना, तो सातवींतला पोर बाकावर सहज वाजवीत होता. आणखी एक गोष्ट वाचनांतून कळली. संगीत नाटकांतलीं कित्येक पदें लावणीच्याच चालींवर बांधलेलीं आहेत. म्हणजे ज्या चालीला मीं एकीकडे शाबासकी दिली, तिच्या माहेरालाच मीं दुसरीकडे दार लावलें असेल. बैठकीच्या लावणीसाठीं नांवाजलेल्या यमुनाबाई वाईकर यांना २०१२ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां मला आनंद झाला आणि लाजही वाटली. गाणें कोणाच्या घरांतलें, एवढ्यावरून मीं त्याची प्रत ठरविली होती. कानांना विचारलेंच नव्हतें.

याचा अर्थ सर्वच गाणीं चांगलीं असा नव्हे. बेसूर ख्याल वाईट, तशी बेताल लावणीही वाईट; अक्षर न कळणारा पोवाडा वाईट आणि दाखविण्यापुरत्या तानांनीं भरलेलें भावगीतही वाईट. पण ज्याला त्याला त्याच्या मापानें वाईट म्हणावें.

तो मुलगा आज पन्नाशी ओलांडून गेला असेल. तो हें ऐकत असेल तर मास्तर चुकले, एवढें त्यानें पदरांत घ्यावें. आणि आपल्या घरांत नातवंडें कानांला यंत्र लावून अनोळखी कांहीं गुणगुणूं लागलीं, तर हे दोन प्रश्न त्यांना अवश्य विचारा. पण त्याआधीं त्यांची पहिली ओळ पुरी होऊं द्या.