संत्र्याचा बगीचा, नकाशा आणि अडलेली कमांड

नकाशे काढण्याच्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरमध्ये ऑटोलिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा १९८६ साली आली. या भाषेतले ‘कमांड’ हे फंक्शन, माणसाने कीबोर्डवर जे टाइप केले असते, तेच ओळीने पुरवत जाते. समोरून कोणता प्रश्न आला हे ते बघत नाही. पटवारी काय विचारतो हे न ऐकताच पाठ केलेली उत्तरे देत सुटावे, तसा हा कारभार. प्रश्नांचा क्रम एका जागेने सरकला की पुढची सगळी उत्तरे भलत्याच खणात पडतात, आणि चूक दिसते ती बहुधा जिथे झाली तिथून दोन-चार ओळी खाली.

उदाहरणाला संत्र्याचा बगीचा घेऊ. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा, म्हणजे पांढुर्णा आणि सौंसरचा पट्टा, हा संत्र्याचा मुलूख. नागपुरी संत्र्याची रूढ लागवड ६ बाय ६ मीटरवर होते. हेक्टरी २७७ झाडे बसतात. ठिबकच्या नळ्या टाकण्याआधी असा बगीचा नकाशावर मांडायचा, तर एवढी वर्तुळे हाताने काढण्यात अर्थ नाही. दोन लूप, एक सर्कल, एक टेक्स्ट, एवढ्या प्रोग्रॅमात काम भागते. कमांडच्या बहुतेक खोड्याही त्यातच सापडतात.

पहिली खोडी ऑब्जेक्ट स्नॅपची. स्क्रीनवर एकटा बगीचा असताना प्रोग्रॅम चालवला तर झाडे जागच्या जागी येतात. अख्खे शिवार दिसेल इतके झूम मागे घेऊन तोच प्रोग्रॅम चालवला की वर्तुळे एकमेकांवर चढतात. स्नॅपची पकड पिक्सेलमध्ये मोजली जाते. शिवाराच्या दृश्यात ६ मीटर म्हणजे जेमतेम दोन-तीन पिक्सेल, त्यामुळे नव्या झाडाचा बिंदू शेजारच्या झाडाच्या केंद्राला जाऊन चिकटतो. मोजणी केली तर झाडे २७७ च भरतात, म्हणून ही चूक लवकर ध्यानात येत नाही. उपाय सोपा आहे: स्नॅपची सेटिंग ज्यात असते त्या ओएसमोडची जुनी किंमत जपून ठेवायची आणि काम होईपर्यंत तिथे शून्य घालायचे, किंवा प्रत्येक बिंदूआधी ‘नॉन’ हा शब्द द्यायचा.

टेक्स्टची गंमत याहून वरची. अक्षरशैलीची उंची शून्य असेल तरच ही कमांड उंची विचारते. शैलीत उंची आधीच ठरलेली असेल तर तो प्रश्न गाळला जातो. प्रोग्रॅमने बिंदू, उंची १.५, कोन ०, झाडाचा क्रमांक १२ अशी उत्तरे धाडली, तर १.५ हा कोन ठरतो, ० हा मजकूर ठरतो, आणि उरलेला १२ नवी कमांड म्हणून वाचला जातो. नकाशावर प्रत्येक झाडाशेजारी किंचित तिरके शून्य उमटते आणि खाली ‘अनोळखी कमांड १२’ असा निरोप येतो. निरोपात झाडाचा क्रमांक दिसला की दुखणे ओळखावे. टीबीएलसर्च या फंक्शनने शैलीची नोंद वाचून, तिच्यातील ४० क्रमांकाच्या खणात शून्य असेल तरच उंची पुरवावी.

बांधाची रेघ काढताना शेवटचे रिकामे अवतरण, म्हणजेच एंटर, राहून गेले तर लाइन कमांड उघडीच राहते आणि पुढच्या कमांडचे नाव बिंदू म्हणून घ्यायला बघते. चालू कमांडची खूण ठेवणाऱ्या सीएमडीॲक्टिव्हची किंमत शून्य नसेल तर काहीतरी उघडे राहिले आहे, हे नक्की. कमांडच्या नावाआधी अधोरेषा दिल्याने इतर भाषेतल्या आवृत्तीतही मूळ इंग्रजी नाव चालते, तर टिंबामुळे कोणी ती कमांड रद्द करून ठेवली असली तरी मूळचीच मिळते. डायलॉग उघडणाऱ्या लेयरसारख्या कमांडला आधी आडवी रेघ लावली की प्रश्न कमांड लाइनवर येतात.

तपासाची रीत जुनीच, पण कंटाळा येतो म्हणून टाळली जाते. कमांडचे प्रश्न स्क्रीनवर दाखवणारी सीएमडीइको ही सेटिंग १ करावी, तीच कमांड एकदा हाताने चालवावी, एफ-२ दाबून प्रश्न एकेक करून कागदावर उतरवावेत आणि प्रोग्रॅममधली उत्तरे त्यांच्यासमोर लावून बघावीत. सीएमडीइको शून्यावर ठेवून दोष शोधणे म्हणजे वेळेची नासाडी.

मध्येच एस्केप दाबला गेला तर ओएसमोड शून्यावरच राहतो आणि पुढचा माणूस स्नॅप कुठे गेला म्हणून शोधत बसतो. म्हणून जुनी किंमत, प्रोग्रॅम मध्येच तुटला की चालणाऱ्या एरर फंक्शनमध्येही परत करावी. २०१५ च्या आवृत्तीपासून, वेगळी सोय केली नसेल तर, त्या फंक्शनमध्ये साधे कमांड चालत नाही. तिथे कमांड-एस वापरावे लागते. सेटिंगची किंमत बदलणाऱ्या सेटव्हारला ही अडचण नाही.

शेकडो झाडांच्या कामाला कमांडपेक्षा एंटमेक हे फंक्शन अधिक भरवशाचे. ते वस्तू थेट ड्रॉइंगच्या नोंदीत लिहिते, त्यामुळे प्रश्नही नाहीत नि स्नॅपही नाही. मात्र बगीच्याच्या धुऱ्याला समांतर असा तिरका यूसीएस, म्हणजे आपण ठरवलेले अक्ष, लावला असेल, तर बिंदू आधी ट्रान्स फंक्शनमधून काढून घ्यावे लागतात. कमांडला चालू यूसीएसमधले बिंदू समजतात, एंटमेकला समजत नाहीत.