गाळणी उघडता आली पाहिजे

मला सात मिनिटं मिळाली आहेत आणि विषयाचं नाव मोठं भारदस्त आहे : ‘गरम पाण्याच्या यंत्रणेसाठी जलप्रक्रियेच्या आटोपशीर फिटिंगची रचना’. घाबरू नका. गीझरच्या किंवा सोलरच्या आधी, थंड पाण्याच्या पाइपात बसवतात ना ती मुठीएवढी वस्तू, तिच्याबद्दल बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी वेळ उरत नाही असा अनुभव आहे. फिटिंग हवी तेवढी लहान करा, पण ती उघडता आली पाहिजे.

बोअरच्या पाण्यानं काय होतं हे सोलापूर-लातूरकडच्या श्रोत्यांना मी काय सांगावं! डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि कॉइलवर पांढरी पुटं चढतात. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. पाण्यातल्या चुन्याचं मात्र उलट आहे. पाणी तापलं की त्यातलं बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेलं कार्बोनेट सगळ्यांत गरम जागा शोधून तिथंच चिकटतं. म्हणजे नेमकं कॉइलवर.

आता घरातली चहाची गाळणी घ्या. ती चोथा अडवते, साखर अडवत नाही. पाइपातल्या जाळीचंही तसंच. ती रेती, गंज, टाकीतला गाळ अडवेल. विरघळलेला क्षार तिच्यातून साखरेसारखा आरामात पलीकडे जातो. तरीही लोक जाळी बसवतात आणि ‘फिल्टर लावला, तरी क्षार येतोच’ म्हणून फिटरला बोल लावतात. अहो, गाळणीनं चहा अगोड होतो का?

मग क्षार काढणारी रेझिन त्या मुठीएवढ्या भांड्यात भरू, असं कुणी म्हणेल. हिशेब करू या. पाण्याचा कठीणपणा लिटरला ४०० मिलीग्रॅम धरा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, २०० पर्यंत चांगलं म्हटलंय आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलंय, तेव्हा ४०० काही फार नाही. घरात रोज २०० लिटर पाणी तापत असेल तर दिवसाला ८० ग्रॅम चुना त्या पाइपातून जातो. वर्षाला एकोणतीस किलो! सगळा काही कॉइलवर बसत नाही, पण जातो एवढा. आणि पाव लिटर रेझिन धरून धरून किती धरेल? बारा-तेरा ग्रॅम. म्हणजे दोन बादल्या पाण्यात तिचा जीव संपला. मग तिला मिठाच्या पाण्यानं धुवा, पुन्हा दोन बादल्या. ज्याला खरोखर मऊ पाणी हवं त्यानं मोठा सॉफ्टनर जमिनीवर बसवावा. मुठीत तो मावत नाही.

मुठीत मावतं ते पॉलिफॉस्फेट. खडीसाखरेसारखे खडे असतात, लिटरला दोन-तीन मिलीग्रॅम विरघळतात. ते क्षार काढत नाहीत, त्याचे स्फटिक धरू देत नाहीत, एवढंच. तेवढ्यावर पाणी लगेच वापरायच्या गीझरला चांगला आराम पडतो. सोलरच्या टाकीत मात्र उन्हाळ्यात पाणी सत्तर अंशांच्या वर दिवसभर उभं राहतं, तिथं पॉलिफॉस्फेट हळूहळू फुटून निकामी होतं. खडे तीन-चार महिन्यांनी बघावे लागतात. बघायचे म्हणजे भांडं उघडावं लागतं. आलो की नाही परत तिथंच?

लोहचुंबकाचंही सांगतो, कारण पत्र येणार हे मला माहीत आहे. युरोपात रेडिएटरच्या बंद चक्रात तेच पाणी फिरत राहतं, त्यात लोखंड गंजून काळा मॅग्नेटाइट होतो, आणि तो पकडायला तिथल्या बॉयलरखाली चुंबकाचा छोटा फिल्टर बसवतात. ते बरोबरच आहे. पण आपला क्षार म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते चुंबकाला चिकटत नाही. पाइपावर चुंबक बांधून क्षार गेल्याचं कुणी सांगितलं तर त्याला सहा महिन्यांनी कॉइल काढून दाखवायला सांगा.

आता माझी चूक. तरुणपणी मी अशी एक फिटिंग आखली होती. अर्धा इंची आटे, दिसायला दागिना, कुठं सांधा दिसायचा नाही. सोलापूरच्या एका प्लंबरनं ती हातात फिरवून फिरवून बघितली आणि विचारलं, “सायेब, झकास आहे. पण खोलायची कुठनं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुंबली की पाइप कापायचा, असा माझा आराखडा होता, फक्त मी तो तसा कधी वाचला नव्हता.

गाळणी आपण का वापरतो? ओट्यावर आपटून रिकामी करता येते म्हणून. चोथा काढायला तांबटाला बोलवावं लागलं असतं तर कुणी ती घेतली नसती. आणि गाळणी जेवढी लहान तेवढी ती लवकर भरते, चहा काठावरून सांडतो. म्हणून लहान फिटिंग जास्त वेळा उघडावी लागते, मोठी कमी वेळा. आमचे आराखडेवाले नेमकं उलट करतात. मोठ्याला झाकण देतात आणि लहानाला चिकटवून टाकतात.

इथं दाबाचाही प्रश्न आहे. बाहेरच्या देशांतले आराखडे दोन-तीन बार दाबाच्या नळासाठी असतात. आपल्याकडे गच्चीवरची टाकी. दहा मीटर उंचीला एक बार, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात जेमतेम पाव बार. बारीक जाळी तेवढा दाब एकटीच खाऊन टाकते, आणि मग गॅस गीझर पेटतच नाही. त्यामुळे बाहेरून लहान असलं तरी आत जाळीचं क्षेत्रफळ भरपूर हवं, चुण्या पाडून घेतलेलं. गच्चीवर असेल तर भांडं पारदर्शक नको, उन्हानं आत शेवाळ धरतं आणि प्लास्टिक तडकतं.

म्हणून पुन्हा एकदा, ज्यांनी आत्ताच रेडिओ लावला त्यांच्यासाठी : फिटिंग उघडता आली पाहिजे. त्यासाठी दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व, खाली छोटा ड्रेन कॉक, हातानं फिरेल असं भांडं, आणि भांड्याच्या उंचीएवढी मोकळी जागा भांड्याखाली. भांडं खाली सरकल्याशिवाय निघत नाही, आणि हातालाही फिरायला जागा लागते. फिटिंग लहान केल्याचा फायदा हाच की ही जागा उरते. ती भिंतीत गाडून घालवायची नाही.

नवा गीझर बसवायला फिटर येईल तेव्हा त्याला चहा द्या आणि सांगा, बाबा रे, खाली वीतभर जागा सोड. तो सोडेल. मग मात्र त्या जागेत साबणाची मांडणी ठोकू नका.