वाऱ्याचा रकाना

श्रोतेहो, नेपोलियन जिथे कैदेत वारला, ते सेंट हेलिना बेट आजही ब्रिटनच्याच ताब्यात आहे. दक्षिण अटलांटिकातले हे बेट. वस्ती जेमतेम साडेचार हजार. त्याची दरवर्षीची तूट ब्रिटिश खजिना भरून देतो. मग हिशेब मांडला गेला, की एकदाच मोठा खर्च करून विमानतळ बांधावा. प्रवासी येतील, तूट घटेल. सुमारे २८.५ कोटी पौंड लागले. पण २०१६ साली विमाने उतरवायची वेळ आली, तेव्हा वाऱ्याने दगा दिला! तिथले जोरदार वारे डार्विनने १८३६ सालीच टिपले होते हो. वाऱ्याची पारख आधी का केली नाही, म्हणून पार्लमेंटच्या लोकलेखा समितीने खात्याला फटकारले. नियमित उड्डाणे २०१७ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. वार्षिक मदत मात्र चालूच आहे.