हौशी छायाचित्रकार आणि त्याची वही

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या व्यासपीठावर छायाचित्रणासारखा विषय निघावा, याचे काहींना नवल वाटेल. बडोद्यात तरी तसे वाटण्याचे कारण नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून संस्थानच्या ग्रंथालयांची घडी बसविली. त्या ग्रंथालय खात्याने पुस्तकांच्या फिरत्या पेट्यांबरोबर दृश्य शिक्षणाचीही एक शाखा चालविली. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याला चित्र तरी वाचता यावे, ही त्यामागची दृष्टी होती. चित्र हेही वाचावयाचे असते आणि म्हणून जपावयाचेही असते, हा विचार या नगरीला परका नाही.

हौशी छायाचित्रणाचा तर या शहराशी जुना ऋणानुबंध आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे तरुणपणी बडोद्यास आले, येथील कलाभवनात शिकले आणि १८९० च्या सुमारास कॅमेरा घेऊन छायाचित्रणाचे, निगेटिव्ह धुण्याचे व छपाईचे प्रयोग करू लागले. पुढे ते भारतीय चित्रपटांचे जनक झाले, हे सर्वश्रुत आहे. परंतु ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये पडद्यावर येण्यापूर्वी, १९१२ मध्ये, त्यांनी केलेला एक लहानसा प्रयोग प्रत्येक हौशी माणसाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एका कुंडीत वाटाणा पेरून त्यासमोर त्यांनी कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. तयार झाली ती जेमतेम मिनिटभराची चित्रफीत. पण तिच्यात अंकुर डोळ्यांदेखत वाढत होता. विषय घरातला, खर्च मोजका, आणि भांडवल म्हणजे चिकाटी! विषयासाठी काश्मीर गाठावे लागते, असे समजणाऱ्या हौशी मंडळींनी त्या कुंडीचे स्मरण ठेवावे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्यमवर्गीय घरांत कॅमेरा पोहोचला, त्यातही बडोद्याचा वाटा आहे. ‘ॲग्फा क्लिक थ्री’ आणि ‘आयसोली’ हे सामान्यांना परवडणारे कॅमेरे येथील न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार होत असत. क्लिकमध्ये एका रोलवर बारा चौकोनी चित्रे निघत. त्यात फिरवण्याजोगे, जुळवण्याजोगे फारसे काही नसे. फार जवळची वस्तू धूसर येई. आणि रोल पुढे सरकवण्यास माणूस विसरला, तर अशा साध्या कॅमेऱ्यात मुंजीतला बटू आणि दारातली गाय एकाच चौकटीत नांदू लागत. या सगळ्या अडचणींनी एक गुण मात्र अंगी बाणवला. बाराच चित्रे हाती असल्यामुळे प्रत्येक चित्रापूर्वी विचार करावा लागे. लग्नकार्यात बारापैकी दोन वधूवरांना, एक विहिणींना, एक आजी-आजोबांना, असा हिशेब आधी मनात मांडला जाई. छायाचित्र काढण्यापूर्वीच ते अर्धेअधिक काढून झालेले असे.

मग आज कॅमेरा कोणता घ्यावा? हा प्रश्न हौशी माणूस सर्वांत आधी विचारतो. वास्तविक तो सर्वांत शेवटी विचारावयाचा आहे. प्रथम त्याने आपल्याला काय पाहावेसे वाटते, याचा शोध घ्यावा. पाखरांचा नाद असेल, तर दूरचे जवळ आणणारे लांब पल्ल्याचे भिंग लागेल. फुले, कीटक, नाणी यांची आवड असेल, तर अगदी जवळून टिपणारे भिंग हवे. माणसे, रस्ते, वाडे आणि सणसमारंभ टिपावयाचे असतील, तर साधे पन्नास मिलिमीटरचे भिंग पुष्कळ झाले. खिशातल्या मोबाइलचा कॅमेराही शिकण्यास पुरेसा आहे. वापरलेला कॅमेरा घेण्यात कमीपणा नाही. मात्र भिंग उजेडापुढे धरून बुरशीचे जाळे नाही ना, शटर सर्व वेगांवर नीट उघडते की नाही, हे पाहून घ्यावे. आणि निदान वर्षभर एकाच भिंगावर राहावे. भिंग बदलण्यापेक्षा दोन पावले पुढेमागे सरकण्याची सवय अधिक शिकवून जाते.

कॅमेऱ्यानंतर प्रकाशाचा विचार. फिल्मच्या काळात एक ठोकळ नियम हौशी लोकांच्या जिभेवर असे. स्वच्छ उन्हात भिंगाचे छिद्र सोळा या आकड्यावर ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या संवेदनशीलतेच्या आकड्याइतका धरावा. फिल्म शंभरची असेल, तर सेकंदाचा शंभरावा भाग किंवा त्याच्या जवळचा वेग. ढग असतील तर छिद्र आठवर आणावे. आकडा लहान होतो तसे छिद्र मोठे होते, एवढे ध्यानी ठेवले की झाले. आज हे गणित यंत्र करते. पण ऊन कसे आहे हे पाहण्याचे काम यंत्राला सोपवता येत नाही. गुजरातच्या भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या खोबणी पडतात आणि चेहरे ओळखेनासे होतात. सकाळी किंवा उतरत्या उन्हात तोच चेहरा बोलका होतो. घरात चित्र काढावयाचे, तर आजीला खिडकीशेजारी, खिडकीकडे कूस करून बसवावे आणि दुसऱ्या बाजूस एखादे धुतलेले पांढरे धोतर किंवा चादर धरावी. त्या परावर्तित उजेडाने सुरकुत्यांचे रेखीव जाळे दिसते. फ्लॅशच्या झगझगाटात ते पुसले जाते.

चित्राची मांडणी हा यापुढचा आणि खरा अभ्यासाचा भाग. चौकटीचे उभे-आडवे तीन तीन भाग कल्पून मुख्य वस्तू त्या रेषांच्या छेदाजवळ ठेवावी, हा नियम पुस्तकात असतो आणि तो उपयोगीही आहे. सुरसागर तलावाचे चित्र घेताना क्षितिज बरोबर मध्यावर आले, की पाणी आणि आकाश यांत भांडण लागते. कोणाला काय सांगावयाचे आहे हे ठरवून एकाला दोन भाग द्यावेत. न्यायमंदिरासारखी उंच इमारत पायथ्याशी उभे राहून, कॅमेरा वर करून टिपली, तर ती मागे कोसळत असल्यासारखी दिसते. थोडे दूर जाऊन कॅमेरा सरळ धरला, की भिंती ताठ उभ्या राहतात. लहान मुलाचे चित्र काढताना गुडघ्यावर बसावे. नाहीतर चित्रात मूल कमी आणि मोठ्यांनी वरून पाहिल्याचा भाव अधिक येतो.

पण बहुतेक हौशी चित्रे बिघडतात ती नियम मोडल्यामुळे नव्हे, तर चौकटीच्या कडा न पाहिल्यामुळे. नजर चेहऱ्यावर खिळते आणि मागचा विजेचा खांब नवरदेवाच्या फेट्यातून उगवतो. कळ दाबण्यापूर्वी डोळा एकदा चारही कडांवरून फिरवावा आणि चित्रात जे नको ते आधी बाहेर काढावे. रावपुऱ्यातील तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रे पाहताना हा धडा सहज मिळतो. भिंतीची जागा ठरलेली आणि सांगावयाच्या कथा पुष्कळ. तेव्हा काय घ्यावे आणि काय सोडावे, याचा निर्णय त्या अनामिक चित्रकारांना पावलोपावली घ्यावा लागला असेल. चौकट त्यांनाही होती.

एवढे सर्व साधले, तरी हौशी छायाचित्रकाराचे एक कर्तव्य उरतेच, आणि नेमके त्याकडेच बहुधा दुर्लक्ष होते. जुन्या काळी काटेकोर हौशी मंडळी एक वही बाळगीत. तीत चित्राचा क्रमांक, छिद्राचा आकडा, शटरचा वेग, हवेची स्थिती यांची नोंद असे. रोल धुऊन आला, की वही आणि चित्रे समोरासमोर ठेवून आपली चूक आपणच शोधली जाई. या वहीत आणखी तीनच रकाने आखले असते, तर केवढे काम झाले असते! ते रकाने म्हणजे कोण, कोठे आणि केव्हा.

गायकवाडी अमलाबरोबर जी मराठी घराणी गुजरातेत स्थिरावली, त्यांच्या घरांत काळ्या पानांचे, चिकटकोपऱ्यांचे अल्बम असत. वाडा विकावयास निघतो, सामान हलते आणि माळ्यावरून असा एखादा अल्बम खाली येतो. आत नऊवारीतल्या स्त्रिया असतात, पगडीधारी पुरुष असतात, अंगणातला पाळणा असतो. नव्या पिढीतली सून विचारते, “सासूबाई, ही कोण हो?” सासूबाई चष्मा पुसतात, चित्र उजेडाकडे नेतात आणि म्हणतात, “यांच्या आत्या असाव्यात. आमच्या सासूबाईंना विचारायला हवं होतं.” ते चित्र उत्तम मांडणीचे असेल, प्रकाशही अचूक असेल, पण त्यातले माणूस त्या क्षणी दुसऱ्यांदा हरवलेले असते. विचारावयाचे ते वेळीच विचारावे लागते.

ग्रंथपालाला हे दुःख चांगले कळेल. मुखपृष्ठ आणि नामपत्र गळालेले पुस्तक शाबूत असूनही नोंदीला मुकते, तशीच निनावी चित्राची गत होते. उपाय फारच साधा आहे. कागदी चित्राच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, जोर न देता, नाव, गाव आणि वर्ष लिहावे. शाईपेन टाळावे, कारण शाई पुढच्या बाजूस उमटते. निगेटिव्ह ओलीपासून दूर, कोरड्या डब्यात ठेवावेत. रंगीत छाप उन्हात टांगू नयेत, ते विटतात. संगणकातील चित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात आणि त्यांनाही नावे द्यावीत. मोबाइलमध्ये हजारो चित्रे साठविणाऱ्याने वर्षाकाठी बाराच निवडावीत, ती छापून घ्यावीत आणि मागे चार ओळी लिहाव्यात. क्लिकच्या रोलवर चित्रेही बाराच असत.

शताब्दी पार केलेल्या ग्रंथालयाने आपल्या सभासदांकडे एवढे मागावे, की त्यांनी घरातील सर्वांत वडील व्यक्तीजवळ बसून एक जुना अल्बम उघडावा आणि ती जे सांगेल ते टिपून घ्यावे. त्या वहीची एक प्रत ग्रंथालयाच्या कपाटात ठेवावी. तिच्यासाठी फार मोठी जागा लागणार नाही. पण आणखी शंभर वर्षांनी कोणी ती उघडील, तेव्हा ‘ही कोण?’ या प्रश्नाला तीत उत्तर मिळेल.