माकडाच्या डोळ्यातला जंत ओळखायचा कसा?

मुंबईतल्या दिंडोशीच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल सुरू होतं. दक्षिणेला १९४९ साली वसवलेल्या आरे दुग्ध वसाहतीतले म्हशींचे तबेले. माकड, म्हैस, कुत्रा आणि माणूस इथे शेजारी-शेजारी राहतात आणि माश्या, डास या सगळ्यांवर बसतात. पिंजऱ्यातल्या माकडाच्या डोळ्यात वळवळणारा जंत हा विषय म्हणूनच इथल्या श्रोत्यांपासून फार दूरचा नाही.

माकड डोळा चोळतं, पाणी गळतं, पापण्यांच्या कडेला चिपडं साचतात. राखणदाराला वाटतं डोळे आले. मग कधीतरी बुबुळाजवळ पांढरा दोरा सरकताना दिसतो. घाईघाईत तो काढून फेकला, तर तपासातला सर्वांत मोठा पुरावा कचऱ्यात जातो.

पहिला प्रश्न असा: जंत डोळ्यात नेमका कुठे आहे?

तो डोळ्याच्या पृष्ठभागावर, अश्रूंत मोकळा फिरत असेल, तर संशय ‘थेलाझिया’वर. यातली ‘थेलाझिया कॅलिपिडा’ ही जात १९१० साली रेये आणि आंरी या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वर्णन केली, ती रावळपिंडीच्या कुत्र्यात सापडलेल्या जंतावरून. पुढे कुत्रा, मांजर, कोल्हा, ससा, माकड आणि माणूस अशा अनेकांच्या डोळ्यांत ती आढळली. भारतात माणसातली पहिली नोंद १९४८ सालची, तमिळनाडूतल्या सेलम जिल्ह्यातली. तिचा प्रसार करते ती पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांच्या कुळातली, ‘फॉर्टिका’ वंशाची माशी. ती चावत नाही. अश्रू चाटायला येते, चाटताना अळ्या पोटात घेते आणि त्या वाढल्या की दुसऱ्या डोळ्यात सोडते.

जंत डोळ्याच्या पांढऱ्या भागावरल्या पातळ पडद्याखाली सरपटत असेल, तर प्रकरण वेगळं. आफ्रिकेतून आलेल्या ड्रिल किंवा मँड्रिल माकडात ‘लोआ लोआ’ या जंताचा विचार करावाच लागतो. परजीवीशास्त्रज्ञ ब्रायन ड्यूक आणि सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात कॅमेरूनमध्ये दाखवून दिलं, की माणसातल्या लोआच्या सूक्ष्म अळ्या दिवसा रक्तात येतात आणि माकडातल्या रात्री. दिवसाचा रक्तनमुना निर्दोष निघाला म्हणून ड्रिल निरोगी ठरत नाही. रात्रीही रक्त घ्यावं लागतं. लोआचा प्रौढ जंत पंधराहून अधिक वर्षं जगू शकतो, त्यामुळे प्राणी आफ्रिकेतून कधी आला याची जुनी नोंदही कामाला येते.

याच पडद्याखाली भारतात ‘डायरोफायलेरिया रेपेन्स’ही सापडतो. तो मुळात कुत्र्याचा, डासांमार्फत पसरणारा. केरळात माणसांच्या डोळ्यांतून तो अनेकदा काढला गेला आहे.

आता जंत हाती आला असं समजू. माकडाला भूल दिलेली, डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकलेले. कुत्र्याच्या तिसऱ्या पापणीखाली जंत दडतो. माकडात ती पापणी माणसासारखीच कोपऱ्यातल्या गुलाबी घडीपुरती उरलेली, म्हणून वरच्या पापणीच्या आतली खोबण तपासावी लागते. बोथट चिमट्याने अलगद उचललेला जंत मिठाच्या कोमट पाण्यात धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की त्याची कातडी बोलू लागते. थेलाझियाच्या अंगावर आडव्या, करवतीच्या दात्यांसारख्या रेषा असतात. लोआच्या अंगावर बारीक गोल उंचवटे. रेपेन्सच्या अंगावर उभ्या कडा. लांबीही मदतीला येते: थेलाझियाची मादी दोन सेंटिमीटरच्या आत, लोआची चार ते सात, रेपेन्सची दहाच्या पुढे. अर्थात पूर्ण न वाढलेला जंत आखूडच असणार, म्हणून भरवसा कातडीवर ठेवायचा.

एवढी चिकित्सा कशासाठी? औषधासाठी. थेलाझियात जंत काढणं आणि जोडीला जंतनाशक देणं पुरतं. पण लोआच्या अळ्या रक्तात फार असतील, तर आयव्हरमेक्टिनसारखं नेहमीचं औषधही मेंदूवर घातक परिणाम करू शकतं. माणसांत असे मृत्यू झाले आहेत. बंदोबस्तही वेगळा: कुठे चिलटं आवरायची, कुठे डास.

तेव्हा कुत्रा, माकड, म्हैस, कोणाच्याही डोळ्यात दोरा हलताना दिसला, तर स्वतः ओढू नका, पशुवैद्याला दाखवा. काढलेला जंत ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायला सांगा. फॉर्मालिन नको, त्याने डीएनए तपासणी अवघड होते. कुपीवर प्राणी, डोळा उजवा की डावा, जंत कुठे होता आणि तारीख लिहा. परळला १८८६पासून मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कुपी तिथल्या परजीवीशास्त्र विभागाकडे पोहोचवा.